मेंदूच्या दुखापतीनंतर भावाला पुन्हा एकटं राहायचंय : तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे नेहमी नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३१. चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला होता, भोसरीत खोली घेऊन एकटा राहायचा. स्वतः डबा करायचा, आईला पैसे पाठवायचा. दीड वर्षापूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर बाइकवर अपघात झाला. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता, ते उडून गेलं. दवाखान्यात नेलं तेव्हा कोमा स्केल १५ पैकी ६. मेंदूला सूज होती म्हणून कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि काही महिन्यांनी परत बसवला. शुद्धीवर आल्यावरही कितीतरी दिवस तो सकाळी भेटलेल्या माणसाला दुपारी विसरायचा.

आज तो आमच्यासोबत सांगलीत आहे. चालतो, बोलतो, पेपर वाचतो. उजवा हात थोडा संथ आहे, एवढंच. भेटायला येणारे म्हणतात, ‘काही झालं होतं असं वाटतच नाही.’ घरात मात्र वेगळं चित्र आहे. आंघोळीला जा म्हटलं की जातो, कुणी म्हटलंच नाही तर दुपारपर्यंत पलंगावर बसून राहतो. चहा ठेवला आणि मध्येच कुणी हाक मारली की चहा विसरला. ब्रेड आणायला गेला तर ब्रेड सोडून तीन वस्तू घेऊन येतो. लग्नकार्यात अर्ध्या तासात चेहरा उतरतो, मग चिडतो. फिट पहिल्या आठवड्यात आली होती, नंतर नाही. गोळी चालू आहे.

आता तो रोज म्हणतो, ‘ताई, मला परत पुण्याला जायचंय. माझी खोली, माझं काम.’ आई म्हणते, ‘मी जिवंत आहे तोवर याला एकटं सोडणार नाही.’ दोघांचंही मला पटतं आणि त्यामुळे मधल्यामध्ये माझी घुसमट होते. डॉक्टर म्हणाले, ‘हळूहळू प्रयत्न करून बघा.’ कशाचा प्रयत्न, कुठल्या क्रमाने, हे सांगणारं कुणी भेटलेलं नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

मंदार_विटा

ताई, वाईट वाटलं वाचून. पण तरुण रक्त आहे, वर्षभरात अगदी पहिल्यासारखा होईल बघा. माउलींवर सोडा सगळं.

सुमेधा (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

कृष्णाकाठ, मी मुंबईत हेच काम करते, म्हणजे इजेनंतर रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवते. भावाला पाहिलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी कोमा स्केलबद्दल. तो ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडला. पेशंट दारात आला तेव्हा किती शुद्धीत होता एवढंच तो सांगतो. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. पण दीड वर्षानंतर तो माणूस एकटा राहू शकेल का, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. रोजच्या घटना सलग लक्षात राहायला लागेपर्यंत किती काळ गेला, हा त्याहून चांगला अंदाज असतो.

‘सांगितलं तर करतो, नाहीतर बसून राहतो’ हे तुम्ही जे लिहिलंय, ते मी जवळजवळ रोज ऐकते. घरचे त्याला आळस म्हणतात. मेंदूचा पुढचा भाग एखादं काम सुरू करून देतो, मध्ये अडथळा आला तर धरून ठेवतो आणि संपल्यावर थांबवतो. तिथे इजा झाली की काम येत असूनही सुरू होत नाही. गाडीचं इंजिन ठणठणीत, पण सेल्फ गेलाय. ओरडून उपयोग नाही, बाहेरून स्टार्ट द्यावा लागतो. तो स्टार्ट आईच्या हाकेऐवजी मोबाइलच्या अलार्मने दिला, तर तेच काम त्याचं स्वतःचं होतं. माझ्या मते तुमचा पहिला बदल हाच असावा.

दुसरं, टेबलावर बसून केलेल्या चाचण्यांवर फार विसंबू नका. लंडनच्या शॅलिस आणि बर्जेस यांनी १९९१ मध्ये बुद्धीच्या चाचण्यांत उत्तम असलेल्या तीन पेशंटना बाजारात पाठवलं. साधी यादी, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोचायचं, काही नियम पाळायचे. तिथे त्यांचा पार गोंधळ उडाला. मी दादरच्या बाजारात असंच करून घेते. तुम्ही गणपती पेठेत करा. चार कामं द्या : अमुक वस्तू घे, बँकेची वेळ विचारून ये, साडेअकराला मारुती चौकात भेट, शंभराच्या वर खर्च नको. तुम्ही वीस पावलं मागे राहा, काही बोलू नका, कुठे सुटलं ते टिपून घ्या.

आता शिकवणं. आपल्याकडे ‘चुकू दे, चुकून शिकेल’ म्हणतात. ज्याची स्मरणशक्ती अधू आहे त्याच्या बाबतीत हे बरेचदा उलटं जातं. आपण चुकलो होतो हे त्याला आठवत नाही, पण चुकीची कृती मात्र हातात बसते. बार्बरा विल्सन आणि अ‍ॅलन बॅडली यांनी १९९० च्या दशकात यावर काम केलं. म्हणून नवीन गोष्ट शिकवताना अंदाज लावायला सांगायचं नाही. पायऱ्या लिहायच्या, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, त्याच जागी, त्याच भांड्यात करून घ्यायचं आणि मदत हळूहळू काढत न्यायची. एकदा बसलं की मग जागा बदला.

ज्याची अडचण स्मरणाची कमी आणि ‘मला काही झालेलंच नाही’ ही जास्त असेल, त्याच्यासाठी मी वेगळं करते. कामाआधी विचारते, ‘किती वेळ लागेल? काय राहून जाईल?’ काम झालं की दोघं मिळून ताडून बघतो. वाद न घालता त्याला स्वतःला दिसतं.

जवळ कुणी नसेल तर एकदा मुंबईला या. हाजीअलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट, केईएम, नायर, सायन, सगळीकडे ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहेत. न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे स्मरण, लक्ष, विचार यांची सविस्तर तपासणी बंगळुरूच्या निम्हान्स रुग्णालयात होते. लेखी अहवाल घ्या, पुढे लागेल.

टेकडीवरचा

मी स्वतः अशाच इजेचा पेशंट. नऊएक वर्षं झाली, कोथरूडमध्ये वन आरकेत एकटा राहतो. नोकरी जुनी नाही, पगारही जुना नाही.

मंदार, तुमच्या भावना पोचल्या. पण ‘पहिल्यासारखा’ हे ऐकून मला फार त्रास व्हायचा. जो येईल तो मला जुन्या माझ्याशी ताडून बघायचा आणि मी दर वेळी कमी पडायचो. ज्या दिवसापासून आमच्या घरात ‘काल जमलं नव्हतं, आज जमलं का’ एवढंच बघायला लागले, तेव्हापासून माझं सुधारलं.

कृष्णाकाठ, सगळ्यात आधी त्याचं नाक तपासा. खरंच सांगतो. डोक्याला मार लागला की वासाची नस तुटू शकते आणि दवाखान्यात ते कुणी विचारत नाही. मला वास येत नाही हे बहिणीला कळलं ते गॅसवर भाजी करपून घर धुराने भरलं तेव्हा. मी शेजारच्या खोलीत शांत बसलो होतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, तो मला येत नाही. म्हणून माझ्या घरी गॅसच नाही. टायमरवाली इंडक्शन शेगडी आहे. दूध तापवताना मी ओट्यासमोरून हलत नाही, फोनही उचलत नाही. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर पट्टी चिकटवून वार लिहितो, कारण नासलेलं मला वासावरून कळत नाही. डोळे मिटून कॉफी, हिंग, साबण ओळखायला लावा, पाच मिनिटांत कळेल.

थकवा. हा झोपून जाणारा थकवा नव्हे. मंडईत दहा जण एकदम बोलत असले की मला कुणाचंच समजेनासं होतं, मग डोकं जड होतं आणि मग मी खेकसतो. लग्नात चेहरा उतरतो म्हणालात ना, ते हेच. आता मी सकाळी साडेसातला भाजी घेतो, गर्दीच्या आधी. अवघड काम बाराच्या आत. दुपारी अंधार करून पडतो. लग्नाला जातो, पण अक्षता पडल्या की बाहेर येऊन बसतो, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलंय.

दाराच्या आतल्या बाजूला पांढरा फळा आहे. वर कायमचं लिहिलेलं : शेगडी, नळ, किल्ली, पाकीट, फोन, गोळी. बाहेर पडताना प्रत्येक शब्दाला बोट लावून मोठ्याने म्हणतो. किल्लीला एकच खिळा. ती दुसरीकडे ठेवायची नाही, पाहुणा आला तरी नाही.

अजून एक. फिनियस गेजची गोष्ट सगळ्यांना अर्धीच माहीत असते. १८४८ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटला रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या डोक्यातून आरपार गेली. तो जगला, पण स्वभाव पार बदलला, कामावर परत घेतलं नाही. इथेच गोष्ट संपवतात. नंतर तो चिलीला गेला आणि तिथे कित्येक वर्षं घोड्यांची टपालगाडी हाकत होता. तोच रस्ता, तीच वेळ, त्याच घोड्यांची निगा. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाचं म्हणणं असं की ठरीव दिनक्रमामुळेच तो सावरला असावा. शेवटी १८६० मध्ये फिट येऊन गेला, म्हणून गोळी सोडू नका. पण मधली ती वर्षं मला फार धीर देतात.

रानजाई

मी नाशिकहून. माझ्या मिस्टरांना पाच वर्षांपूर्वी साइटवर पडून मार लागला. टेकडीवरचा दादांचं वाचून डोळे भरले, कारण आमच्या ह्यांना हे असं शब्दांत सांगता येत नाही.

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते. पैसे आणि राग. आमचे हे व्यवहाराला पक्के होते. अपघातानंतर कुणीही फोनवर गोड बोललं की पैसे पाठवायचे. लोन देणारी अ‍ॅप त्यांनी कधी घेतली आम्हाला कळलंच नाही, वसुलीचे फोन माझ्या माहेरी आले तेव्हा कळलं. आता त्यांचं खातं त्यांचंच आहे, पण मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात असते. फोनशी जोडलेल्या खात्यात आठवड्याचा खर्च, आणि यूपीआयची रोजची मर्यादा आम्ही दोघांनी बसून ठरवलेली. ‘दोघांनी’ महत्त्वाचं आहे. मी गुपचूप कार्ड काढून घेतलं असतं तर त्यांचा माझ्यावरचा विश्वास गेला असता. पैसे हातात नसलेला माणूस स्वतःला पाहुणा समजायला लागतो.

रागाचं म्हणाल तर, तो आला की त्या क्षणी समजूत घालत नाही. मुली आणि मी दुसऱ्या खोलीत जातो, अर्ध्या तासाने चहाला बोलावते. तेव्हा ते शांत असतात आणि बरेचदा त्यांना वाईटही वाटलेलं असतं. पण रागाच्या नावाखाली हात उठत असेल तर सहन करू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर औषध आहे. उदासीवरही आहे. ह्या इजेनंतर उदासी येणं फार सर्रास आहे आणि घरात तिला ‘शांत झालाय’ म्हणतात.

तुमच्या आईबद्दल. त्या चुकीच्या नाहीत. त्यांनी मुलाला नळ्या लावलेला पाहिलाय. माझ्या सासूबाई अशाच होत्या, ताटातला घास तोडून द्यायच्या. त्यांना ‘करू नका’ म्हटलं तर त्या रडायच्या. मग मी त्यांना वहीचं काम दिलं. आज ह्यांनी काय काय आपलं आपण केलं ते लिहायचं. लिहायचं असेल तर बघत बसावं लागतं आणि बघत बसायचं असेल तर हात मागे ठेवावे लागतात. आज हे दिराच्या किराणा दुकानात पाच तास बसतात, एकटे जातात, एकटे येतात. गल्ल्यावर नाही, मालाच्या नोंदीवर. एकटे राहतील का? नाही बहुतेक. पण दुपारभर घरी एकटे असले तरी मी निर्धास्त कामाला जाते.

वकील_कोल्हापूर

कायद्याचं थोडं. अपघात मोटारीचा आहे म्हणजे मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज केला असेलच. नसेल तर आजच वकील गाठा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली.

दाव्यात बरेचदा फक्त हाताचा अशक्तपणा मोजला जातो आणि टक्केवारी कमी लागते. सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात स्पष्ट केलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेल्या ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, कारकुनाची नोकरी टिकूही शकते. क्वालिटीच्या माणसाचं लक्ष आणि स्मरण गेलं तर त्याच्या कामाचा कणाच गेला. ते कोर्टापुढे आणायला न्यूरोसायकॉलॉजीचा अहवाल लागतो.

आणि कृपा करून, दावा चालू आहे म्हणून मुलाला घरी बसवून ठेवू नका. अशी कुटुंबं मी पाहिलीत. निकाल येईपर्यंत माणूस हातचा जातो. कामाचा प्रामाणिक प्रयत्न केला, काय जमलं आणि काय नाही जमलं त्याची नोंद ठेवली, तर तो पुरावाच असतो.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात डोक्याच्या इजेचं स्वतंत्र नाव नाही, हा मोठा अन्याय आहे. तरी हात, वाचा यांवर जे उरलंय त्याचं प्रमाणपत्र सिव्हिलमधून काढून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) घ्या. त्याच कायद्याचं कलम २० सरकारी नोकराला असं संरक्षण देतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं. खासगी कारखान्याला ते तसं लागू नाही. तिथे बोलूनच मार्ग काढावा लागेल. ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढ्या एका शब्दाचा दाखला नेऊ नका. काय काम, किती तास, कुठली शिफ्ट हे डॉक्टरांकडून लिहून न्या.

बर्मिंगहॅमकर

माझ्या दिराला इथे इंग्लंडमध्ये अशीच इजा झाली. हेडवे नावाची संस्था १९७९ पासून फक्त याच लोकांसाठी काम करते. ते एक ओळखपत्र देतात, त्यावर ‘मला मेंदूची इजा आहे, मला बोलायला वेळ लागतो’ अशा अर्थाचं लिहिलेलं असतं. अडखळत बोलला तर पोलिसांना किंवा दुकानदाराला तो प्यायलाय असं वाटतं, तेव्हा फार उपयोगी पडतं. तुम्ही मराठीत साधं कार्ड छापून पाकिटात ठेवा, तुमचा नंबर आणि फिटच्या गोळीचं नाव टाकून.

गाडीचं इथे लायसन्सवाल्यांना कळवावंच लागतं. भारतातही लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिट येतात का, हा प्रश्न आहे. न्यूरोलॉजिस्टने लेखी दिल्याशिवाय बाइकला हात लावू देऊ नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री भावाला हे सगळं वाचून दाखवलं. दोन वेळा, कारण मध्ये थकला. नाकाची चाचणी केली. कॉफी आणि साबण ओळखला, हिंग नाही. आई हिंगाची डबी घेऊन पुन्हा पुन्हा त्याच्यासमोर धरत होती. शेवटी ती स्वतःच म्हणाली, ‘मग गॅस नको.’ ‘याला एकटं सोडणार नाही’ म्हणणारी माझी आई शेगडी कुठली घ्यायची ते विचारत होती. त्याला स्वतःला लिहायचं आहे, म्हणून फोन देते.

मी भाऊ. टाइप हळू होतं. आळशी नाही हे लिहिल्याबद्दल मॅडमना थँक्यू. मला वाटायचं मीच आळशी झालो. मला माहीत आहे मी विसरतो. पण सगळे माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलतात. जेवला का, गोळी घेतली का, आईला विचारतात. मला विचारा. उत्तर उशिरा येतं पण येतं. मला खोली हवी कारण तिथे मला कुणी बघत नसतं. सारखं बघितलं की जास्त चुकतं. पुण्यालाच पाहिजे असं नाही. आधी कृष्णेत पोहायचो, ते एकट्याने नाही हे कळलं. टेकडीवरचे दादा, फळा किती मोठा आहे?

टेकडीवरचा

मित्रा, दोन फूट बाय दीड फूट. डोळ्यांच्या उंचीवर लाव, बिजागरीच्या बाजूला नको, कडीच्या बाजूला. कडीला हात जातो तेव्हा नजर तिथे पडते.

कृष्णाकाठ

विश्रामबागला मावशीच्या घरावर एक खोली रिकामी आहे. स्वतंत्र जिना, संडास-बाथरूम आत. ठरलंय असं : आधी महिनाभर घरीच त्याच्या पायऱ्या पक्क्या करायच्या. सकाळची तयारी, गोळ्यांचा आठवड्याचा डबा, वरण-भात-भाजी इंडक्शनवर. मग त्या खोलीत आधी दिवसा, मग शनिवार-रविवार रात्री, मग आठवडा. बाथरूमला आतून कडी नाही लावायची, हे त्याने मान्य केलंय. रात्री नऊला तो फोन करणार, आम्ही नाही. कारखान्याच्या साहेबांशी बोलले, ते इन्स्पेक्शनच्या रेकॉर्डचं काम अर्धा दिवस देता येईल का बघतो म्हणालेत. ते पुढचं पुढे.

सुमेधाताई, एकच विचारायचंय. त्या खोलीत काय झालं तर त्याला परत आणायचं आणि काय झालं तरी आणायचं नाही? आईशी हे आधीच ठरवून ठेवलं नाही तर पहिलं दूध उतू गेलं की ती रिक्षा बोलावेल.

सुमेधा (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

हे लिहून काढा आणि तिघांनी खाली सह्या करा, भावाचीही.

दूध उतू जाणं, भाजी नासणं, कपडे भिजत राहणं, एखाद्या दिवशी आंघोळ राहणं, नऊचा फोन साडेनऊला येणं : यासाठी परत आणायचं नाही. वहीत लिहायचं आणि रविवारी त्याच्याशी बसून त्या कामाच्या पायऱ्या बदलायच्या. साडेनऊपर्यंत फोन नाही आला तर मावशींनी वर जाऊन दार वाजवायचं, तुम्ही सांगलीभर धावायचं नाही.

फिट आली, दोन दिवस गोळ्यांचे कप्पे तसेच भरलेले दिसले, शेगडी चालू ठेवून बाहेर गेला, अनोळखी माणसाला आत घेतलं किंवा पैसे दिले, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं बोलला : त्या दिवशी घरी आणायचं. शेवटचं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. बाकीच्यात आणायचं ते काही दिवसांसाठी, ती एक गोष्ट पुन्हा शिकवण्यापुरतं. खोलीची किल्ली त्या काळातही त्याच्याकडेच राहू दे. ‘प्रयोग फसला’ असं घरात कुणी म्हणायचं नाही, हेही त्या कागदावर लिहा.

पहिल्या आठवड्याची वही फोटो काढून मला विपूत (इथल्या माझ्या विचारपुशीच्या पानावर) पाठवा. आणि पुढचा प्रश्न त्यालाच लिहू दे, हळू टाइप झालं तरी चालेल.